ग्रंथकर्त्यांची पारख करणारा जेरोम

रोमकरांस लिहिलेलें पत्र उघडलें तर आरंभींच पौल आपलें नांव सांगतो. इब्री लोकांस लिहिलेलें पत्र उघडलें तर आरंभीं कोणाचेंही नांव नाहीं, व शेवटींही नाहीं. मग हें पत्र कोणीं लिहिलें? हा प्रश्न कधीं शेजारी विचारतो, कधीं शाळेंतला मुलगा विचारतो, आणि कधीं उपदेशक बंधु शास्त्र मिटून एकटाच बसला असतां आपल्याच मनाशीं विचारतो. असा प्रश्न काढणें म्हणजे विश्वासास धक्का लावणें, असें पुष्कळांस वाटतें, व म्हणून ते तो दाबून टाकितात. ही भीति वादविवादानें जाण्यापेक्षां एखाद्या मनुष्याच्या चरित्रानें जाईल, असें आम्हांस वाटतें. सोळाशें वर्षांपूर्वीं ज्यानें हाच प्रश्न जन्मभर विचारला, आणि शास्त्राची सेवा करितां करितां ज्यानें देह ठेविला, त्या जेरोमाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेरोमाचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्त्रिदोन नांवाच्या गांवीं झाला. हें गांव दाल्मतिया व पन्नोनिया ह्या रोमी प्रांतांच्या सीमेवर होतें. आईबाप ख्रिस्ती असून खाऊनपिऊन सुखी होते. त्यांनीं मुलाला शिक्षणासाठीं रोम शहरीं पाठविलें. तेथें दोनातुस नांवाचा व्याकरणाचा प्रसिद्ध पंडित होता, त्याच्या हाताखालीं जेरोम शिकला. जुन्या लातिन कवींचे ग्रंथ शब्द न् शब्द तपासून वाचावयाचे, कोणता लेखक कोणता शब्द कसा योजितो हें पाहावयाचें, अशी त्या काळच्या शाळेची रीत होती. ही संवय जेरोमाच्या हाडींमांसीं खिळली. रविवारीं तो सोबत्यांबरोबर जमिनीखालच्या काळोख्या कबरस्थानांत जाऊन प्रेषितांच्या व रक्तसाक्ष्यांच्या कबरी पाही. रोमांतच त्याचा बाप्तिस्मा झाला. तेथेंच त्यानें पुष्कळ कष्टानें एक ग्रंथसंग्रह जमविला, आणि पुढें घरदार सोडलें तरी हा संग्रह मात्र त्यास सोडवला नाहीं.

नंतर तो पूर्वेकडे निघाला व अंत्युखियास आला. तेथें त्याचे जिवलग मित्र वारले, व तो स्वतःही तापानें मरणाच्या दारीं पोहोंचला. त्या दुखण्यांत त्यास एक स्वप्न पडलें. आपण न्यायासनापुढें उभे आहों, ख्रिस्ती असल्याचें सांगत आहों, आणि न्यायाधीश तें खोटें ठरवून आपणांस सिसेरो नामक मूर्तिपूजक वक्त्याचा शिष्य म्हणत आहे, असें त्यानें पाहिलें. फटके बसले, आणि ह्यापुढें ऐहिक ग्रंथ हातीं धरणार नाहीं अशी त्यानें शपथ घेतली. ती शपथ त्याच्यानें पुरती पाळवली नाहीं. त्याचे विरोधी पुढें त्याला हिणवीत ते ह्याचवरून.

तेथून तो सिरियांतील खल्किसच्या रानांत जाऊन एकांतवासांत राहिला. मन चंचल होई, उपासांनींही ताब्यांत येईना. तेव्हां त्यानें मनाला जुंपण्यास एक कठीण काम शोधिलें. ख्रिस्ती झालेल्या एका यहूदी बंधूपाशीं तो इब्री मुळाक्षरें शिकूं लागला. सिसेरोच्या गोड भाषेंत वाढलेल्या त्या तरुणास घशांतून काढावे लागणारे ते उच्चार फार कठीण गेले. कितीदां त्यानें अभ्यास टाकला व कितीदां पुन्हां धरला. त्या काळीं पश्चिमेकडील ख्रिस्ती विद्वानांत इब्री भाषा जाणणारा जवळजवळ कोणी नव्हता. ह्या कडू बीजाचें फळ पुढें हजार वर्षें मंडळीस मिळालें.

सन ३८२ मध्यें तो रोमास परत आला व तेथील बिशप दामसुस ह्याचा चिटणीस झाला. पश्चिमेकडील मंडळ्या तेव्हां लातिन भाषेंत शास्त्र वाचीत. परंतु तें भाषांतर एका हातचें नव्हतें. ज्यास थोडेंबहुत ग्रीक येई त्यानें आपल्यापरीनें भाषांतर करावें, नक्कल करणारानें डुलक्या घेत चुका कराव्या, आणि दुसऱ्यानें त्या चुका सुधारतां सुधारतां नव्या घालाव्या, असें चाललें होतें. जितक्या प्रती तितके पाठ, अशी अवस्था झाली होती. दामसुसाच्या आज्ञेवरून जेरोमानें जुन्या ग्रीक प्रतींशीं ताडून चार शुभवर्तमानांचा लातिन पाठ शुद्ध केला व सन ३८४ मध्यें त्याच्या हातीं दिला. लोक रागावतील हें त्यास आधींच ठाऊक होतें, आणि तसेंच झालें. लहानपणापासून कानीं पडलेला शब्द जरासा बदलला कीं, मनुष्यास वाटतें देवाचेंच वचन बदललें.

ह्याच वेळीं रोमांतील कांहीं कुलीन स्त्रिया त्याजपाशीं शास्त्र शिकूं लागल्या. त्यांत मार्सेला, पौला व पौलाची मुलगी युस्तोखियम ह्या मुख्य होत्या. मार्सेला तर उत्तर पटल्यावांचून प्रश्न सोडीत नसे. पौलानें इब्री भाषा शिकून स्तोत्रें त्याच भाषेंत गाण्याइतकी तयारी केली. आमच्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं इब्री व ग्रीक ह्या भाषांच्या आधारें शास्त्राचें मराठी भाषांतर केलें व सन १९२२ मध्यें मरणापूर्वीं तें पुरें केलें, हें जे जाणतात त्यांस पौलाची योग्यता लागलीच कळेल. परंतु जेरोमाची जीभ तिखट होती. रोमच्या पाळकवर्गाच्या ऐषआरामावर त्यानें कोरडे ओढले, त्यामुळें शत्रु वाढले. पौलाची दुसरी मुलगी ब्लेसिल्ला तरुणपणींच वारली, तेव्हां कडक उपासांनीं तिला मारिलें असा लोकांनीं त्याजवर आरोप केला. दामसुसही मरण पावला होता. सन ३८५ मध्यें जेरोमानें रोम सोडलें तें कायमचेंच.

पुढील वर्षीं तो बेथलेहेमांत राहावयास आला. पौलाही तेथें आली, व तिनें आपल्या पैशानें मठ व यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधिली. येथें जेरोमानें चौतीस वर्षें काढिलीं. मठवास व अविवाहितपण ह्यांविषयींचीं त्याचीं मतें आम्ही स्वीकारीत नाहीं. परंतु त्याच्या हातून तेथें जें काम झालें त्याचें ऋण सर्व मंडळ्यांवर आहे. जुन्या कराराचें लातिन भाषांतर तोंपर्यंत ग्रीक भाषांतरावरून झालेलें होतें, म्हणजे तें भाषांतराचें भाषांतर होतें. जेरोमानें मूळ इब्रीवरूनच नवें भाषांतर करावयाचें ठरविलें. बरानिनस नांवाचा एक यहूदी शिक्षक इतर यहूद्यांच्या भयानें निकदेमाप्रमाणें रात्रीचा येऊन त्यास शिकवी. सुमारें सन ३९० पासून ४०५ पर्यंत, पंधरा वर्षें, हें काम चाललें.

मुळाशीं जाणाऱ्या मनुष्यास लौकरच दुसरा एक प्रश्न भेटतो. लातिन शास्त्रांत कांहीं पुस्तकें अशीं होतीं कीं, तीं इब्री शास्त्रांत मुळींच नव्हतीं. जेरोमानें शमुवेल व राजे ह्या पुस्तकांच्या प्रस्तावनेंत लिहून ठेविलें कीं, यहूदी लोक आपल्या मुळाक्षरांच्या संख्येप्रमाणें २२ पुस्तकें मोजतात, आणि त्यांबाहेरचीं पुस्तकें निराळीं ठेवावीं. तोबीत, यहूदीथ, मक्काबी हीं पुस्तकें बोधासाठीं वाचावीं, परंतु सिद्धांत ठरविण्यासाठीं त्यांचा आधार घेऊं नये, असें त्याचें मत पडलें. शलमोनाचें ज्ञान म्हणून एक पुस्तक राजा शलमोनाच्या नांवावर चालत असे. जेरोमानें तें वाचून पाहिलें. तें इब्री भाषेंत कोठेंच नव्हतें, आणि त्याच्या वाक्यरचनेस ग्रीक वक्तृत्वाचा वास येत होता. राजाचें नांव वर असलें तरी पुस्तक राजाचें नव्हे, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. मोशेच्या पंचग्रंथाविषयींही तो एके ठिकाणीं सहज सुचवून जातो कीं, त्याचा कर्ता मोशे म्हणा, अथवा एज्रानें तो पुन्हां मांडला म्हणा, आपला त्यास विरोध नाहीं. त्याचा विश्वास एवढ्यानें डळमळला नाहीं.

सन ३९२ किंवा ३९३ मध्यें देक्स्तर नामक मित्राच्या विनंतीवरून त्यानें प्रसिद्ध ख्रिस्ती ग्रंथकारांविषयीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत १३५ लहान लहान प्रकरणें आहेत. पहिलें पेत्राचें व शेवटचें जेरोमाचें स्वतःचें. ख्रिस्ती लोक अडाणी आहेत, त्यांत कोणी लेखक झाले नाहींत, असें जे हिणवीत त्यांस हें उत्तर होतें. परंतु आपल्या लोकांची थोरवी वाढविण्यासाठीं त्यानें अडचणी झांकून ठेविल्या नाहींत. पेत्राच्या नांवावर दोन पत्रें आहेत, पण दुसऱ्याची भाषासरणी पहिल्याहून निराळी असल्यामुळें पुष्कळ लोक तें पेत्राचें मानीत नाहींत, असें त्यानें लिहिलें. याकोबाचें पत्र दुसऱ्या कोणीं त्याच्या नांवानें प्रसिद्ध केलें असें कित्येक म्हणतात, तरी काळेंकरून त्यास मान्यता मिळाली, हेंही लिहिलें. पेत्राचें शुभवर्तमान, पेत्राचें प्रकटीकरण अशीं दुसरीं पुस्तकें पेत्राच्या नांवावर विकत. तीं त्यानें साफ नाकारलीं.

ह्याच पुस्तकांत त्यानें एका वडिलाची गोष्ट दिली आहे, ती आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पौल व थेक्ला नामक कुमारी ह्यांच्या प्रवासांचें एक पुस्तक पूर्वीं फार लोकप्रिय होतें. सिंहानें बाप्तिस्मा घेतल्याची कथाही त्याबरोबर सांगत. जेरोम विचारतो कीं, पौलाबरोबर सदा फिरणाऱ्या लूकास इतक्या गोष्टी ठाऊक होत्या, मग एवढी मोठी गोष्टच तेवढी कशी ठाऊक नव्हती? त्याच्या दोनशें वर्षें आधीं तेर्तुल्यान नामक ग्रंथकारानें लिहून ठेविलें होतें कीं, तें पुस्तक आशिया प्रांतांतील एका वडिलानें रचिलें. तें उघडकीस आल्यावर त्यानें कबूल केलें कीं, हें आपण पौलावरील प्रीतीमुळें केलें. मंडळीनें त्याची प्रीति नाकारली नाहीं, पण त्यास अधिकारावरून दूर केलें. चांगल्या हेतूनें लाविलेलें खोटें नांव खोटेंच राहतें, हा निर्णय मंडळीनें इतक्या आरंभीच्या काळीं दिला.

आतां इब्री लोकांस पत्राकडे वळूं. जेरोमानें सर्वांचीं मतें मांडिलीं. भाषा व शैली निराळी, म्हणून तें पौलाचें नव्हे असें कांहींचें म्हणणें. तेर्तुल्यान तें बर्णबाचें म्हणे. कोणी लूकाचें, कोणी रोमच्या क्लेमेंताचें म्हणत. आणि कोणी म्हणत कीं, यहूदी लोकांचें मन पौलाविषयीं कलुषित होतें म्हणून त्यानें आरंभीं आपलें नांव घातलें नाहीं, व इब्रींत लिहिलेलें तें पत्र दुसऱ्यानें सुंदर ग्रीकमध्यें उतरविलें. पुढें सन ४१४ मध्यें, म्हातारपणीं, दार्दानुस नांवाच्या गृहस्थास लिहितांना त्यानें आपला निकाल सांगितला. पत्र कोणाचें का असेना, तें मंडळींतील मनुष्याचें आहे, आणि मंडळ्यांत तें रोज वाचलें जातें. तेवढें पुरें, असा त्या निकालाचा आशय आहे. आजही ह्या पत्राचा लेखक नांवानिशीं ठरलेला नाहीं. त्याचें मोल मात्र कमी झालेलें नाहीं.

ह्यावरून जेरोम कधीं फसलाच नाहीं असें कोणी समजूं नये. रोमी तत्त्ववेत्ता सेनेका व पौल ह्यांनीं एकमेकांस लिहिलेलीं म्हणून १४ पत्रें त्या काळीं फिरत होतीं. तीं वाचून जेरोमानें सेनेकाचें नांव आपल्या पुस्तकांत घेतलें. तीं पत्रें बनावट आहेत, हें पुढील विद्वानांनीं निर्विवाद दाखविलें. पारख करणाराही आपल्या आवडीच्या गोष्टीपुढें डोळे मिटतो, हें ह्यावरून दिसतें.

आणि ज्यानें दुसऱ्यांच्या नांवांचीं खोटीं पुस्तकें उघडकीस आणिलीं, त्याच्याच नांवानें एक खोटें पत्र निघालें. आफ्रिकेंतील बिशपांच्या हातीं एक पत्र आढळलें. त्यांत जेरोम पश्चात्ताप करितो, आणि तरुणपणीं यहूद्यांच्या नादीं लागून आपण इब्रीवरून खोटें भाषांतर केलें अशी कबुली देतो, असें लिहिलें होतें. त्यांतला एकही शब्द त्याचा नव्हता. बनावट करणारास आपली भाषासरणी साधली नाहीं, असें त्यानें सन ४०२ च्या सुमारास रुफिनुसाविरुद्ध लिहितांना दाखवून दिलें. हा रुफिनुस त्याचा बालपणचा मित्र होता; ओरिगेन ह्या जुन्या पंडिताच्या मतांवरून दोघांचें वैर झालें. रुफिनुस मेल्यावरही जेरोमानें त्याची कुचेष्टा थांबविली नाहीं, हें लिहितांना आम्हांस खेद होतो. विद्येनें मनुष्याची लेखणी तीक्ष्ण होते. हृदय मऊ होण्यास आणखी कांहीं लागतें.

सन ४०३ मध्यें ऑगस्तीन बिशपानें त्यास एक हकीकत कळविली. आफ्रिकेंतील ओइया शहरीं, म्हणजे आजच्या त्रिपोलींत, बिशपानें मंडळीपुढें योनाचें पुस्तक जेरोमाच्या नव्या भाषांतरांतून वाचविलें. योनावर सावली करणारा वेल लोकांच्या ऐकण्यांत भोपळ्याचा होता. जेरोमानें तेथें आयव्ही नामक वेलीचें नांव घातलें होतें. एवढ्या एका शब्दावरून मंडळींत दंगा उसळला, व बिशपास मंडळी राखण्यासाठीं जुना शब्द परत घ्यावा लागला. जेरोमानें उत्तर दिलें कीं, मूळ शब्द पालेस्तिनांतील रुंद पानांच्या, लौकर वाढणाऱ्या एका झुडुपाचा आहे, व लातिन भाषेंत त्यास नांवच नाहीं. पुष्कळ पंडित आज तें झाड एरंडाचें समजतात. म्हणजे भोपळ्यासाठीं भांडणारे आणि आयव्ही घालणारा, दोघेही झाडापासून दूरच होते. तरी मुळाकडे पाहा, असें सांगणाराची वाट बरोबर होती. त्याच वाटेनें पुढील लोक त्याच्याही पुढें गेले.

त्याचे शेवटचे दिवस दुःखांत गेले. सन ४०४ मध्यें पौला वारली. सन ४१० मध्यें गॉथ लोकांनीं रोम लुटलें. थोड्याच दिवसांत मार्सेला मरण पावली, आणि घरदार गमावलेले श्रीमंत लोक बेथलेहेमाच्या दारीं भीक मागत आले. जेरोमानें यहेज्केलावरील टीका बाजूस ठेवून त्या निराश्रितांची व्यवस्था पाहिली. शास्त्राचे शब्द कृतींत उतरविण्याची ती वेळ होती. सन ४१६ मध्यें एका टोळीनें मठ जाळले. दृष्टि मंद झाली, तरी तो दुसऱ्याकडून वाचवून घेई व तोंडानें सांगून लिहवी. सन ४२० मध्यें सप्टेंबरच्या ३० तारखेस त्याचा अंत झाला, असें परंपरा सांगते.

त्याच्यामागें लोकांनीं त्याच्याच नांवावर कितीतरी पुस्तकें व पत्रें चढविलीं. सन १५१६ मध्यें एरास्मुस ह्यानें बासेल शहरीं त्याचे ग्रंथ छापविले, तेव्हां खरें व खोटें वेगळें करण्यास त्याला वर्षानुवर्षें खपावें लागलें; आणि त्यानें वापरलेली कसोटी जेरोमाचीच, म्हणजे शब्द, शैली, काळ व जुन्यांची साक्ष ही होती. ज्या भाषांतरास लोकांनीं आरंभीं शिव्या दिल्या, तेंच सन १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गाच्या छापखान्यांतून निघालें, आणि सन १५४६ मध्यें त्रेंत येथील सभेनें तें रोमी मंडळीसाठीं प्रमाण ठरविलें. उलट, इंग्लंडच्या मंडळीनें आपल्या ३९ कलमांपैकीं सहाव्या कलमांत जेरोमाचेंच नांव घेऊन इब्री शास्त्राबाहेरचीं पुस्तकें सिद्धांतासाठीं नव्हेत असें ठरविलें. आपल्या मराठी शास्त्रांत तीं पुस्तकें कां नाहींत, ह्याच्या उत्तराची एक मुळी बेथलेहेमाच्या त्या खोलींत आहे.

उपदेशक बंधूंनो, गांवांतला कोणी तुम्हांस विचारील कीं, अमुक पुस्तक कोणीं लिहिलें, तर रागावूं नका, आणि जें नांव ठाऊक नाहीं तें भरूनही सांगूं नका. थेक्लेचें पुस्तक लिहिणाऱ्या वडिलाची प्रीति खरी होती, तरी त्याला अधिकार सोडावा लागला. इब्री लोकांस पत्राचा लेखक आपलें नांव न सांगतां गेला, आणि त्याचें पत्र आजही मंडळ्यांत वाचलें जात आहे. येत्या रविवारीं तें वाचाल तेव्हां मुलांनीं प्रश्न केलाच, तर जेरोमाची ही गोष्ट त्यांस अवश्य सांगा.